फोडशी बियांपासून: तीन पावसाळ्यांचं काम

मृगाचा पाऊस लागून आठ-पंधरा दिवस झाले की बोरिवली, वसई, विरार स्टेशनांबाहेर पालघरकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यात गवतासारख्या लांब पात्यांच्या, बुडाशी पांढऱ्याफेक जुड्या दिसतात, त्या फोडशीच्या. कुणी कुलू म्हणतं, कुणी कुळी. पुढे या झाडाला दांडा येतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं उमलतात. जमिनीखाली मांसल मुळांचा झुबका असतो. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळून जातं आणि झाड त्या मुळांच्या जिवावर पुढच्या जूनपर्यंत झोपून राहतं.

फोडशी हे एकाच जातीचं नाव नव्हे. क्लोरोफायटम प्रजातीतल्या चार-पाच जाती बाजारात याच नावाने विकल्या जातात. त्यांतली एक म्हणजे सफेद मुसळी, शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. हे नाव आपल्या बोरिवलीवरून पडलं. १९५०च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जातीचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. तिची मुळं थेट खोडाच्या चकतीपासून जाड सुरू होतात आणि बोटांसारखी झुबक्याने लोंबतात. दुसरी जात क्लोरोफायटम ट्युबरोजम. हिची मुळं दोरीसारखी बारीक असतात, त्यांच्या टोकांना गाठी लटकतात आणि फुलं जरा मोठी असतात. लावणीची रीत दोन्हींची एकच. नर्सरीत पांढऱ्या पट्ट्यांचं जे स्पायडर प्लांट मिळतं तेही याच प्रजातीतलं आहे, पण ते आफ्रिकेतलं. शोभेसाठी ठेवा, भाजीच्या हिशेबात धरू नका.

कंद, म्हणजे हीच मांसल मुळं, लावून ही झाडं एका वर्षात उभी राहतात, मग बियांचा खटाटोप कशाला? कारण कंदांची मागणी औषधाच्या बाजारात मोठी आहे आणि रानातली मुसळी त्यापायी खणून खणून विरळ झाली आहे. कंद काढला की ते झाड संपतं. बी घेतलं तर झाड जागच्या जागी राहतं. शिवाय बियांपासून आलेली रोपं आपल्या मातीत, आपल्या हवेत पहिल्या दिवसापासून वाढलेली असतात. मोबदल्यात वेळ द्यावा लागतो: पहिला पावसाळा उगवणीचा, दुसरा वाढीचा आणि भाजी तिसऱ्यात. यंदा पेरून यंदाच खायची असेल तर अंबाडी लावलेली बरी.

बी कुठून आणायचं

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फोडशी उगवते म्हणून तिथून बी आणायचा विचार डोक्यातून काढून टाका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानातून झाडपाला तोडून आणायला बंदी आहे, बीही त्यात आलंच.

सरळ मार्ग तीन. पहिला, भाजी विकणाऱ्या बाईंनाच विचारणं. जव्हार, मोखाडा, डहाणूकडच्या कित्येक पाड्यांवर घराच्या वळचणीला, बांधावर फोडशी असते. जुलैमध्ये सांगून ठेवलं आणि पैसे नीट ठरवले तर गणपतीनंतर बोंडं मिळू शकतात. भाजीच्या भावात बी मागू नका. बोंडं पिकेपर्यंत त्यांना ते झाड न तोडता सोडावं लागतं. दुसरा, ऑगस्टमध्ये कृषी विभागातर्फे भरणारे रानभाजी महोत्सव. तिथे भाजी घेऊन येणारे शेतकरी आणि बचत गट थेट भेटतात. तिसरा, सफेद मुसळीची शेती करणारे शेतकरी. ते कंद विकतात, बीकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं, त्यामुळे आधी सांगितलं तर फुलोरे राखून ठेवतात.

ऑनलाइन पाकिटांबाबत सावध राहा. फोडशीचं बी काळं, चपटं, कोनदार, दिसायला अगदी कांद्याच्या बियांसारखं. साहजिकच कांद्याचं बी मुसळी म्हणून खपवणं अवघड नाही. उगवल्यावर मात्र लगेच कळतं: कांद्याचं पातं गोल, पोकळ, आणि चुरगाळलं की वास. फोडशीचं पातं चपटं, मधून पन्हळीसारखं दुमडलेलं, आणि कांद्याचा वास अजिबात नाही.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. रानकांदा, ज्याला कोळकांदाही म्हणतात, तो विषारी आहे, आणि त्याचं बोंडही तीन कप्प्यांचं, बीही काळं नि चपटंच. फरक ओळखायचा तो हंगामावरून. रानकांद्याला उन्हाळ्यात, एकही पान नसताना, लांब दांड्यावर मळकट तपकिरी फुलं येतात आणि त्याचं बी पावसाच्या तोंडावर तयार होतं. फोडशीला पानं असतानाच पांढरी फुलं येतात, आणि बी ऑगस्टअखेरपासून पुढे पिकतं. म्हणून मे-जूनमध्ये कुणी ‘रानातून आजच आणलेलं ताजं बी’ देऊ लागलं तर घेऊ नका. या दिवसांत तुमच्या हातात पडणारं फोडशीचं बी मागच्या वर्षीचंच असलं पाहिजे.

बोंडं काढणं आणि बी राखणं

दांड्यावरची फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे बोंडंही खालचीच आधी पिकतात. वरच्या टोकाला कळ्या असताना खाली बोंड उकलून बी सांडलेलंही असतं. अख्खा दांडा एकदम कापला तर निम्मं बी कच्चं निघतं आणि कच्चं बी उगवत नाही. बोंडाचा हिरवा रंग जाऊन ते गवताळ पिवळं, मग तपकिरी होऊ लागलं की एकेक खुडा. रोज बघणं जमत नसेल तर दांड्याला मलमलच्या कापडाची सैल पिशवी बांधा. प्लास्टिकची बांधलीत तर सप्टेंबरच्या दमटपणात आत बुरशीच मिळेल.

बोंडं कागदावर सावलीत आठवडाभर सुकवा, हातांनी चुरडा, फोलपट फुंकून टाका. बी गच्च काळं आणि टणक हवं. तपकिरी, सुरकुतलेलं, बोटांत दाबलं की चिरडणारं बी ठेवण्यात अर्थ नाही.

आता मुंबईतला खरा प्रश्न: हे बी ऑक्टोबर ते मे सांभाळायचं कसं. ताजं बी लगेच पेरून फायदा नाही. पाऊस संपत आलेला असतो, झाडाच्या स्वभावाप्रमाणे बी त्या वेळी सुप्तावस्थेत असतं, आणि चुकून उगवलंच तरी कोंभाला मुळात साठा करायला वेळ उरत नाही. बी कागदाच्या पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, बरणीत तव्यावर कोरडे भाजून गार केलेले मूठभर तांदूळ किंवा औषधांच्या बाटल्यांत येतात तशा सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. पाकिटावर वर्ष लिहा. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटात बरणी ठेवू नका, तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही असतात. दुसऱ्या वर्षासाठी बी राखू नका, उगवण झपाट्याने पडते.

माती आणि खोका

फोडशी रानात उतारावर, मुरमाड जमिनीत, झाडांच्या कडेला वाढते. पाणी भरपूर, पण थांबत नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तर मातीचं प्रमाण पाठ करावं लागणार नाही, तरी सुरुवातीला असं घ्या: दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. रेती रेतीवाल्याकडची, धुऊन. बांधकामाची क्रश सँडही चालते, मात्र तिच्यातली भुकटी दोन-तीन पाण्यांनी काढावी लागते, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. जुहूची किंवा गिरगावची वाळू खारी असते, ती नको.

नर्सरीवाला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घ्यायला सांगेल. मे महिन्यात ते छानच वाटतं. पण जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोकोपीट त्यात स्पंजासारखं भिजून राहतं आणि मुळं आधी मऊ, मग तपकिरी होतात. या झाडासाठी तरी ते वर्ज्य समजा.

भांडं म्हणून मासळी बाजारातला थर्माकोलचा खोका उत्तम: स्वस्त, खोल आणि उन्हात तापत नाही. साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचा बघा. साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस ऊन दाखवा, नाहीतर मांजरं उकरतील. तळाला बोट जाईल एवढी दहा-बारा भोकं पाडा, शिवाय बाजूंना तळापासून दोन सेंटिमीटर उंचीवर चार. आतून मच्छरजाळीचे तुकडे लावा. तळाशी विटांचे तुकडे भरायची जुनी सवय इथे सोडा. पाणी त्या तुकड्यांच्या वर, मातीच्या खालच्या थरातच अडकून राहतं आणि मुळांना मिळणारी खोली तेवढी कमी होते. सरळ १८ सेंटिमीटर माती भरा.

असा खोका भिजला की ६० किलोच्या पुढे जातो. तो खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवायची वस्तू नव्हे. गच्चीत ठेवायचा असेल तर भिंतीलगत, खाली चार विटा देऊन, म्हणजे स्लॅबवर पाणी साचणार नाही आणि सोसायटीत गळतीवरून भांडण होणार नाही. ग्रिलच असेल तर आठ इंची कुंड्या घ्या, प्रत्येकीत वीस-पंचवीस बिया.

मातीत गवताचं बी असणारच, आणि फोडशीची कोवळी रोपं गवतापासून ओळखणं हीच या कामातली सगळ्यात मोठी कटकट आहे. म्हणून मेच्या सुरुवातीला माती ओली करून, खोक्यात भरून, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून तीन आठवडे कडक उन्हात ठेवा. बहुतेक गवत आणि बुरशी तापून मरते. गांडूळखत मात्र त्यानंतर मिसळा, आधी मिसळलंत तर त्यातले उपयोगी जिवाणूही शिजतात. हे करायला वेळ नसेल तर निदान उकळतं पाणी ओतून वरची दोन इंच माती भाजून घ्या.

पेरणी

वेळ रोहिणी नक्षत्राची, २५ मे ते ७ जून. मुंबईत मान्सून पोचायची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे लवकर पेरलं तर बी मातीत मुरायला दोन आठवडे मिळतात. मे मध्यावर पेरलं तर वरचा थर रोज सुकतो आणि फुगलेलं बी आतल्या आत मरतं. आर्द्रा लागल्यावर पेरलं तर मुसळधार सरीत बी वाहून जातं.

आदल्या दिवशी बी वाटीत कोमट नव्हे, साध्या पाण्यात टाका. चपटं बी पृष्ठभागावर उगाच तरंगतं, म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून ढवळा. तासाभराने जे अजून वर आहे ते पोकळ, काढून टाका. उरलेलं स्वच्छ पाण्याने धुऊन दुसऱ्या पाण्यात रात्रभर, फार तर २४ तास भिजवा. त्याहून जास्त नको, बी कुजायला लागतं. शेतीच्या दुकानात जिब्रेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक मिळतं, ते १०० मिलिग्रॅम एक लिटर पाण्यात, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, भिजवायला वापरणारे आहेत. उगवण थोडी वाढते. दीडशे बियांसाठी एवढं करायची गरज नाही असं आमचं मत.

खोक्यातली माती सपाट करून, हाताने हलकी दाबून, झारीने पूर्ण भिजवा. लांबीच्या बाजूने पाच ओळी, दोन ओळींत आठ सेंटिमीटर, ओळीत दर दोन सेंटिमीटरला एक बी. ओळी सुतळीने आखा आणि दोन्ही टोकांना आइसक्रीमच्या काड्या रोवा. हे टापटिपीसाठी नाही. पुढे जे ओळीत उगवेल ते फोडशी असण्याची शक्यता, जे ओळीबाहेर उगवेल ते नक्की गवत. एवढ्याने निम्मी डोकेदुखी जाते.

बियांवर माती नव्हे, धुतलेली जाड रेती पसरा, अर्धा सेंटिमीटर. मातीचा थर पावसाच्या थेंबांनी चोपून त्याची पापडी होते आणि कोवळा कोंभ तिला फोडू शकत नाही. रेतीची पापडी होत नाही, शिवाय जुलैत धरणारं हिरवं शेवाळही तिच्यावर कमी येतं.

वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, खोक्यापासून एक फूट उंच, काठ्यांवर ताणून बांधा. ती सरींचा मार मोडते आणि कबुतरांनाही दूर ठेवते. मोकळी ओली माती दिसली की कबुतर तिच्यात पाय घासल्याशिवाय राहत नाही. पाऊस येईपर्यंत रोज सकाळी फवाऱ्याच्या बाटलीने पाणी. पाऊस लागल्यावर चार दिवसांची उघडीप पडली तरच.

उगवण

दहा-बारा दिवसांनी पहिले कोंभ दिसतात, आणि मग जुलै अर्धा होईपर्यंत एक-एक करत येत राहतात. एकाच दिवशी सगळी ओळ हिरवी होईल अशी अपेक्षा मेथीकडून करावी. शंभरात पंधरा ते तीस रोपं आली तर उत्तम. दीडशे बियांच्या खोक्यात तीसेक रोपं धरून चला, त्यामुळे विरळणीचा प्रश्नच येत नाही. जे बी अजून उगवलं नाही त्यातलं काही उशिराने डोकं काढतं, म्हणून रिकामी दिसणारी ओळ उकरू नका.

गवत आणि फोडशीतला फरक: गवताला काडी असते, काडीला पेरं असतात, पातं काडीला वेढून निघतं आणि बोटाला खरखरतं. फोडशीला काडी नाही. पातं थेट जमिनीतून येतं, मऊ, रसदार, मधोमध दुमडलेलं, बुडाशी पांढरट. शंका असेल तर उपटू नका, तीन पानं येईपर्यंत थांबा. तोवर गवताने चार फुटवे काढून स्वतःच ओळख दिलेली असते. उपटायचं ते कात्रीने जमिनीलगत कापा, कारण उपटताना शेजारचं फोडशीचं मूळही वर येतं. माळ्याला किंवा घरातल्या उत्साही माणसांना खोक्याला हात लावू देऊ नका; ‘गवत वाढलं होतं, साफ केलं’ या एका वाक्यात वर्ष वाया जातं.

पहिल्या पावसाळ्यात रोपाला तीन ते पाच पानं येतात, बोटभर-दीड बोट लांब. याहून जास्त वाढवण्याच्या नादात युरिया टाकू नका. पानं लुसलुशीत होतात, पुढच्या पावसात कुजतात, आणि मूळ बारीकच राहतं. जुलैअखेर आणि ऑगस्टअखेर एकेक मूठ चाळलेलं गांडूळखत ओळींमधून भुरभुरा, पुरे. पाऊस स्थिरावल्यावर शेडनेट काढून टाका. मुंबईच्या पावसाळ्यात मुळातच उजेड कमी असतो, तोही अडवला तर मुळात साठा होत नाही. तीन-चार तास मोकळा उजेड हवा.

काय बिघडतं

रोप बुडाशी पाणीदार होऊन आडवं पडतं आणि ते वर्तुळात पसरत जातं, ही मर. कारण बहुधा भोकं बुजलेली असतात. खोका एका बाजूने उचलून बघा, पाणी निघतं का. आजारी रोपं आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने काढून टाका आणि लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून ओळींत ओता. पेरणीआधीच खतात मिसळला असता तर अधिक कामाला आला असता, हेही खरं.

एका रात्रीत ओळ गायब आणि सकाळी चकचकीत चिकट रेघा, म्हणजे गोगलगाय. मुंबईत पावसाळ्यात जी मूठभर मोठी तपकिरी शंखाची गोगलगाय भिंतींवर चढते ती आफ्रिकन, आणि तिला ही कोवळी पाती फार आवडतात. मीठ टाकू नका, गोगलगाय मरते पण मातीही बिघडते. चुन्याची रेघ पहिल्या सरीत धुऊन जाते. खोक्याजवळ ओलं गोणपाट टाकून ठेवा. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन ते उलटा, हातमोजे घालून गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. सलग आठवडाभर केलं तर उपद्रव आटोक्यात येतो.

पानांवर तपकिरी ठिपके पडून टोकं करपतात ती बुरशी. ठिपक्यांची पानं कापा, रोपांत वारा खेळता ठेवा. औषध मारायची घाई नको, ही पानं पुढेमागे खायची आहेत. पानं अचानक पिवळी पडून रोप सहज उपटून हातात आलं आणि मुळं कुरतडलेली दिसली तर मातीत हुमणी आहे. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती येते, म्हणूनच खत चाळून घ्यायचं.

झोपेचे महिने

हस्त नक्षत्र लागलं, दसरा जवळ आला की पानं टोकाकडून पिवळी पडू लागतात. बियांपासून वाढवणारे बहुतेक जण इथे चुकतात: रोप मरतंय असं समजून पाणी वाढवतात. त्या पाण्यानेच ते खरोखर मरतं. पानांतला रस मुळांत उतरतोय, त्याला उतरू द्या. पिवळी पानंही ओढून काढू नका, आपोआप सुटली की उचला.

ऑक्टोबरअखेर खोका पूर्ण रिकामा दिसतो. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘खाली कंद आहेत, हात लावू नये’ असं लिहून चिठ्ठी चिकटवा, आणि दिवाळीच्या साफसफाईआधी चिकटवा. मग खोका छज्जाखाली किंवा जिन्याच्या सावलीत सरकवा. मोठ्या झाडांना जूनपर्यंत पाण्याचा थेंबही नको असतो. पहिल्या वर्षाची मुळं मात्र काडेपेटीतल्या काडीएवढी असतात, ती मार्च-एप्रिलच्या उन्हात सुकून जाऊ शकतात. त्यांच्यासाठी तीन आठवड्यांतून एकदा, फवाऱ्याने, वरची रेती जेमतेम ओली होईल इतकंच पाणी. वर बारीक लोखंडी जाळी टाका, कारण याच महिन्यांत घुशी आणि उंदीर कंद शोधत येतात.

दुसरा आणि तिसरा पावसाळा

दुसऱ्या मेच्या शेवटी, कोंभ फुटायच्या तोंडावर, खोका उलटा करून माती हलक्या हाताने सोडवा. निम्मी रोपं जिवंत निघाली तर पहिल्या खेपेला समाधानी राहा. प्रत्येकाला दोन-तीन बारीक मांसल मुळं आणि वर चकतीएवढं खोड असतं. हे खोड मुळापासून तोडू नका. नुसत्या मुळाला कोंभ फुटत नाही, खोडाचा तुकडा चिकटलेला असावाच लागतो.

नव्या मातीत ही रोपं २० सेंटिमीटर अंतरावर लावा, खोड जमिनीखाली दोन सेंटिमीटर, मुळं सरळ खाली सोडलेली, वाकवून कोंबलेली नव्हे. सोसायटीच्या आवारात आंब्याखाली किंवा भिंतीलगत उताराची जागा असेल तर कुंडीपेक्षा ती बरी. पाणी तुंबणारा कोपरा मात्र नको. या वर्षी पानं वीतभर होतात आणि काही झाडांना जुलै-ऑगस्टमध्ये फुलोराही येतो. पानं अजूनही तोडायची नाहीत.

फूल नीट बघून घ्या: सहा पांढऱ्या पाकळ्या, सहा पिवळे परागकोश, पुढे तीन धारांचं बोंड. ज्या झाडाचं फूल तुम्ही पाहिलेलं नाही त्याची पानं खाऊ नका, बी कितीही विश्वासाच्या माणसाने दिलेलं असो. शंका राहिलीच तर झाड उकरून बघा. खाली कांद्यासारखा पापुद्र्यांचा गड्डा निघाला तर तो रानकांदा. फेकून द्या आणि हात धुवा. फोडशीखाली गड्डा कधीच नसतो.

तिसऱ्या जूनमध्ये पानं वीत-दीड वीत झाली, दांडा अजून वर आलेला नाही, ही तोडणीची वेळ. बाजारातली जुडी बुडखासकट उपटलेली असते. आपण कात्रीने बाहेरची पानं जमिनीपासून दोन बोटं वर कापायची आणि मधली तीन राखायची. एका झाडापासून पाच-सात ग्रॅम कोवळं पान मिळतं. म्हणजे चार माणसांच्या एका वेळच्या भाजीला, पाव किलो पानांना, चाळीसेक झाडं लागतात. हा हिशेब आधीच सांगितलेला बरा, कारण एका कुंडीत भाजी निघेल अशा समजुतीने सुरुवात करणारे इथे खट्टू होतात. तोडणी हंगामात एकदाच, जुलै मध्याच्या आत. दांडा आल्यावर पानं दोऱ्यासारखी चिवट होतात, आणि तेव्हा तोडली तर मुळं भरत नाहीत. दर पाच झाडांतलं एक न तोडता फुलू द्या, पुढचं बी त्यावर.

पानं निवडताना बुडाकडे जो आतला ताठ दांडा लागतो तो काढून टाका, तो शिजत नाही. पन्हळीसारख्या बुडात रेती अडकते, म्हणून तीन-चार पाण्यांत धुवा आणि धुतल्यावरच बारीक चिरा. भिजवलेली मूगडाळ अर्धी वाटी, दोन कांदे, चार हिरव्या मिरच्या, लसूण ठेचून. कांदा मऊ झाला की डाळ, डाळ अर्धी शिजली की फोडशी. झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं परता, शेवटी मीठ आणि ओलं खोबरं. मीठ आधी टाकू नका. पाव किलोची भाजी शिजून वाटीभर होते आणि अंदाज चुकून खारट होते. उरलेली चिरलेली पानं बेसनात कालवून भजी करतात, पावसाळी संध्याकाळी तीच आधी संपतात. पहिल्यांदाच खाणाऱ्याने दोन घासांपासून सुरुवात करावी, आणि कच्ची मात्र खाऊ नये.